आजी हार्टने गेली

ऑस्ट्रेलियात राहतो म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर एकतर सिडनीचं ऑपेरा हाऊस येतं, नाहीतर मेलबर्नचं क्रिकेटचं मैदान. आमचं टूवूंबा या दोन्हींपासून लांब. ब्रिस्बेनहून पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटर, ग्रेट डिव्हायडिंग रेंज नावाच्या डोंगररांगेच्या अगदी काठावर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटर उंच. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला यावं तसं खालच्या लॉकियर व्हॅलीतून घाट चढून इथे यायचं. लोणावळ्यासारखंच धुकं, आणि धुकं पडलं की गाड्यांची तशीच तारांबळ. फक्त चिक्की नाही.

गाव बागांचं. 'गार्डन सिटी' असंच म्हणतात. १९५० सालापासून दर सप्टेंबरात इथे फुलांचा उत्सव भरतो. (आपल्याकडे गणपती चालू असतात तेव्हा इथे वसंत ऋतू असतो, हे मला अजूनही अधूनमधून नव्याने आठवतं.) क्वीन्स पार्कात ट्यूलिप आणि पॅन्सीचे गालिचे, लोकांच्या घरापुढच्या बागांची स्पर्धा, रस्त्यावरून फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक. नव्याने राहायला आलेल्या माणसाला जुने लोक दोन गोष्टी आवर्जून सांगतात. एक, सप्टेंबरात पाहुणे बोलवा. दुसरी, शिंका यायला लागल्या तर घाबरू नका, इथे सगळ्यांनाच येतात.

शिंका मलाही आल्या. त्यांचं काही नव्हतं. पण २०२२ च्या फेब्रुवारीत रात्री तीनला जाग यायला लागली. छातीवर कोणीतरी धान्याचं पोतं ठेवलंय असं वाटायचं. उठून बसलं की जरा बरं. मी घाबरलो, बायको त्याहून जास्त घाबरली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांपुढे हजर.

डॉक्टरीणबाई शांत. वजन, रक्तदाब, झोप, सिगारेट सगळं विचारून झालं. मग त्यांनी इथल्या कुठल्याही डॉक्टरांचा आवडता प्रश्न विचारला. फॅमिली हिस्टरी? आईवडिलांना काय, आजीआजोबांना काय, कोण किती वर्षांचं असताना गेलं?

मी सांगितलं, वडिलांना बीपी, आईला गुडघे, आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, हार्टने गेली. वय पंचावन्न.

बाईंचं टायपिंग थांबलं. शेचाळीस वर्षांचा भारतीय पुरुष, छातीवर ओझं, घरात पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने मृत्यू. आपल्या उपखंडातल्या लोकांची हृदयं लवकर कुरकुरतात हे इथल्या डॉक्टरांना पाठ असतं. त्यामुळे आधी ईसीजी, मग रक्ताच्या तपासण्या, मग पट्ट्यावर पळवणारी स्ट्रेस टेस्ट, मग एको. प्रत्येक तपासणीची वेगळी तारीख. या सगळ्यात अडीच-तीन महिने गेले. मी मनातल्या मनात इन्शुरन्सची कागदपत्रं कुठल्या फाइलीत आहेत ते बायकोला सांगायची तयारी करत होतो. आणि निष्कर्ष काय? हृदय ठणठणीत.

मग एका यंत्रात फुंकायला लावलं. स्पायरोमेट्री म्हणतात. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी तोंडात धरायची आणि जीव खाऊन फुंकायचं. समोरची मुलगी "कीप गोइंग, कीप गोइंग" म्हणून अशी ओरडत होती की जणू मी मेलबर्न कपमधला घोडाच. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात. मग निळ्या पंपातलं सॅल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या खेपेला आकडा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढला, तर नळ्या आवळल्या होत्या आणि औषधाने मोकळ्या झाल्या असा अर्थ. माझा १९ टक्क्यांनी वाढला.

थोडक्यात, दमा.

मी पोटापाण्यासाठी पाण्याच्या पाइपलाइनींची गणितं करतो. त्यामुळे ही भानगड मला लगेच कळली. नळीतून संथ वाहणाऱ्या कुठल्याही पदार्थाचं एक गणित आहे. नळीचा व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचं गणित याहून गुंतागुंतीचं असलं, तरी त्या थोड्या सुजल्या, थोड्या आवळल्या, की माणसाचा जीव मेटाकुटीला का येतो, ते यावरून समजतं. पंचवीस वर्षं मी हे समीकरण दुसऱ्यांच्या पाण्यासाठी वापरत होतो.

पुढची पायरी म्हणजे ॲलर्जीची चाचणी. हातावर ओळीने थेंब टाकतात, प्रत्येकाखाली सुईने हलकंसं टोचतात आणि पंधरा मिनिटांनी कुठे गांधी उठली ते पट्टीने मोजतात. मला वाटलं होतं गुलाब, वॅटल असं काहीतरी भारदस्त निघेल. वॅटल म्हणजे आपल्या बाभळीची चुलत बहीण, इथलं राष्ट्रीय फूल. वसंतात पिवळंधमक फुलतं आणि सगळे शिंकणारे त्यालाच शिव्या देतात. पण डोळ्यांत भरणारी फुलं बहुतेक वेळा निर्दोष असतात, असं नर्सने सांगितलं. त्यांचा पराग जड आणि चिकट, तो न्यायला मधमाश्या लागतात. दमेकऱ्याला छळतं ते गवत. गवताला फूल येतं हेच मुळी कोणाच्या लक्षात येत नाही, पण त्याचा पराग वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातो. आणि इथल्या भागातली बरीचशी गवतं फुलतात ती वसंतात नव्हे, तर उन्हाळी पावसानंतर. म्हणून माझा फेब्रुवारी.

माझ्या हातावर सगळ्यांत मोठी गांधी उठली ती ज्या गवताची, त्याला अमेरिकेत बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात 'कूच'. आमच्या घरामागे त्याचंच लॉन आहे. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. घरी येऊन शोधलं तर काय, हरळी! म्हणजे आपली दूर्वा.

बायको म्हणाली, "अरे, एकवीस जुड्या वाहून वाहून शेवटी बाप्पाचीच ॲलर्जी झाली म्हण तुला." (बाप्पाच्या बाजूने एवढं सांगतो की आपण वाहतो त्या कोवळ्या दूर्वा. तुरा आलेल्या नव्हेत.)

तर असा मी दमेकरी झालो. पण ही सगळी माझ्या छातीची गोष्ट, आणि मला सांगायची आहे ती आजीची.

आजी पुरंदर तालुक्यात, सासवडपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावी असायची. मी पुण्यात वाढलो, सुट्ट्या गावी. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. तिच्याबद्दल अख्ख्या गावाचं एक मत होतं, की ही बाई फार माणूसवेडी. विहिरीवरून घरापर्यंतचा चढ जेमतेम पाच मिनिटांचा, पण आजीला अर्धा तास लागायचा. वाटेत चार ठिकाणी थांबायची. घागर कठड्यावर टेकवायची, याच्या म्हशीची चौकशी, तिच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या पोराची परीक्षा. मी शेजारी कंटाळून उभा. ती गेल्यावर दहाव्याला किती माणूस जमला होता ते अजून आठवतं. जो तो म्हणत होता, वाटेत थांबून विचारपूस करणारी गेली.

टूवूंब्यात पिकनिक पॉइंट म्हणून एक जागा आहे. डोंगराची कड, समोर माथा सपाट असलेला टेबल टॉप नावाचा डोंगर, खाली दरी. तिथल्या पायवाटांवर आम्ही रविवारी जातो. त्या वर्षी चढावर मी मधेच उभा राहायचो आणि लेकीला म्हणायचो, "ते बघ, काय सुंदर दिसतंय." तिसऱ्यांदा असं म्हटल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला दम लागलाय, हो ना?"

आणि मला विहिरीवरचा चढ आठवला. चार थांबे, आणि ते नेमके कुठे होते तेही. कठडा, चिंच, देवळाचा पार, आमच्या वाड्याची पायरी. सगळ्या बसायच्या किंवा टेकायच्या जागा.

आजीचं आणखीही एकेक आठवायला लागलं. भाद्रपद-अश्विनात ती आडवी झोपायचीच नाही. पुढ्यात वाकळांचा ढीग घ्यायची आणि त्यावर हात टेकून रात्रभर बसायची. आम्हाला सांगायची, म्हातारपणी झोप कमी होते. म्हातारपण! पंचावन्न वय म्हणजे मी आता तिथे पोचतच आलोय. दळताना ओवी म्हणायची ती एका दमात कधीच पुरी व्हायची नाही. मधे जात्याचा आवाज, मग उरलेली ओवी. मला वाटायचं ओवीची चालच तशी असते.

२०२३ मध्ये आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली. फोनवर तिला मी दम्याचं आधीच सांगितलं होतं. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पंप नको रे सुरू करूस. सवय लागते." हे वाक्य तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी घरात ऐकलं असेल.

ती आली त्याच आठवड्यात माझी बारा वर्षांची लेक नेटबॉल खेळून घरी आली. बरोबर दोन मैत्रिणी. (लेकीलाही दमा आहे. आईबापांत कोणाला असेल तर मुलांना व्हायची शक्यता वाढते. तिचा सौम्य आहे.) पोरीने दारातच पिशवीतून निळा पंप काढला, त्याला प्लॅस्टिकचा फुगीर स्पेसर लावला, सगळ्यांसमोर फुसफुस औषध ओढलं आणि गप्पा पुढे चालू. मैत्रिणींनी वळूनही पाहिलं नाही. त्यातल्या एकीच्या पिशवीत तसलाच पंप होता. इथे दर नऊ-दहा माणसांत एकाला दमा असतो. पंपाला 'पफर' असं लाडाचं नाव आहे, आणि निळा पफर औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवायही मिळतो.

आई बघत राहिली. काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर फ्रिजवर लावलेला कागद वाचायला लागली. तो लेकीचा ॲक्शन प्लॅन. सिग्नलसारखे रंग. हिरव्यात असलात तर हे रोजचं औषध, पिवळ्यात गेलात तर हे वाढवा, लालमध्ये गेलात तर असं करा. त्याची एक प्रत शाळेत असते. मी तिला लाल रकाना समजावून सांगितला. पोरीला ताठ बसवायचं. स्पेसरमधून एका वेळी एक असे चार पफ द्यायचे, प्रत्येक पफला चार श्वास. चार मिनिटं थांबायचं. फरक नाही पडला तर पुन्हा चार, आणि तरीही नाही, तर ॲम्ब्युलन्सला फोन. श्वास घेणं फारच जड जात असेल तर फोन आधी.

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच."

मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुझी आजी हार्टने नव्हती गेली."

मी काही विचारायच्या आतच ती बोलायला लागली. "दम्यानेच गेली. कोजागरी झाल्यावर चार-पाच दिवसांनी. संध्याकाळपासूनच लागला होता. तालुक्याला न्यायला जीप मिळेना. मी पाठ चोळत बसले होते. पहाटे माझ्या हातातच गेली. मला म्हणाली, पोरी, खिडकी उघड. खिडकी उघडीच होती."

हे १९८७ साल. मी अकरा वर्षांचा, पुण्यात शाळेत. मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, हार्ट अटॅक.

"तुझ्या आत्याचं लग्न ठरलं होतं," आई म्हणाली. "वर्षाच्या आत उरकायचं होतं. तुझ्या आजोबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, कोणी विचारलं तर हार्ट म्हणायचं. दम्याचं घर म्हटलं तर सोयरीक मोडेल. आम्ही तेच सांगितलं. गावाला काय, माहीतच होतं. पण गावानेही तोंड उघडलं नाही. पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता."

"आणि आत्याला?"

"तिला लग्नानंतर चार वर्षांनी सुरू झाला. ती काय सांगते? बाराही महिने सर्दी. बाथरूममध्ये नळ सोडून पंप घेते. मला दिसला एकदा कोनाड्यात."

मंडळी, मी आजोबांवर रागवायचा प्रयत्न करून पाहिला. जमला नाही. हार्ट हा सभ्य आजार आहे. तो कष्टाने होतो, काळजीने होतो, मोठमोठ्या लोकांना होतो. दमा म्हटलं की क्षय, खोकला, आणि 'आता पोराबाळांत उतरणार' हे सगळं एकदम माणसाच्या डोक्यात येतं. शिवाय 'दमा दमाबरोबरच जातो' ही म्हण आहेच. आईविना झालेली मुलगी उजवायची होती. माणसाला सुचलं ते त्याने केलं. पण तो शब्द आजोबांच्या ओट्यावरून निघाला आणि पस्तीस वर्षांनी टूवूंब्याच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरात जाऊन बसला. माझ्या वाट्याला फक्त तीन महिने आणि काही नको असलेल्या तपासण्या आल्या. आत्याच्या वाट्याला नळाचा आवाज आला.

आजीवर उपचार काय व्हायचे, तेही आईने सांगितलं. अडुळशाचा काढा. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या, ज्या घेतल्या की हात थरथरत आणि छाती धडधडे. आणि फारच झालं की आजोबा धोतऱ्याची वाळलेली पानं निखाऱ्यावर टाकून धूर द्यायचे. मला हे ऐकून शहारा आला. धोतरा म्हणजे विष, आणि दमेकऱ्याला धूर! पण वाचल्यावर कळलं की हा उपाय आपल्याकडचा जुना आहे आणि साधारण १८०२ साली मद्रासहून एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर तो ब्रिटनला गेला. पुढे तिकडे दम्याच्या सिगारेटी निघाल्या. धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं आणि ते आवळलेल्या नळ्या सैल करतं. त्याच ॲट्रोपिनपासून बनवलेलं, पण मोजून-मापून दिलेलं इप्राट्रोपियम आजही अतिदक्षता विभागात दम्यासाठी वापरतात. आजोबांची दिशा बरोबर होती, मात्रेचा ठिकाणा नव्हता. (कृपा करून घरी धोतरा जाळू नका.)

आणखी एक गंमत. गंमत म्हणावी का, माहीत नाही. आईला घेऊन शहराबाहेर निघालो होतो. एका थांब्यावर तणांची माहिती देणारा फलक होता. असं रोप दिसलं तर कळवा, वगैरे. आई चित्राजवळ गेली आणि म्हणाली, "अरे, ही आपली चटकचांदणी!"

गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा, शास्त्रीय नाव पार्थेनियम. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे त्याची ठळक नोंद झाली ती १९५५ साली, पुण्यात. मोठी माणसं सांगत की अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून ते आलं. पण तो करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे गवत गव्हाच्याही आधी हजर होतं. आणि क्वीन्सलँडमध्ये ते पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही १९५५ सालीच, ब्रिस्बेनच्या वायव्येला टूगूलावा नावाच्या गावाजवळ. टूवूंब्याहून गाडीने दीडेक तासावर. ते खाणारे मेक्सिकोतले भुंगेरेही दोन्हीकडे आणले, क्वीन्सलँडने १९८० साली सोडले आणि बंगळूरकरांनी १९८४ साली.

हे गवत हाताला लागलं की अनेकांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं, आणि त्याचा पराग नाकात गेला तर सर्दी आणि दमा चाळवतो. आजी ते उघड्या हातांनी उपटायची. बांधावर, भाद्रपदात, फुलावर आलेलं. "हात सोलून निघायचे तिचे," आई म्हणाली. त्यात सकाळ-संध्याकाळ चुलीचा धूर. तिच्या छातीविरुद्ध सगळ्यांनी कट केल्यासारखंच होतं.

आणि १९५५ सालीच अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीने बापाला विचारलं होतं, की माझं दम्याचं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यात का नाही भरत? दुसऱ्याच वर्षी पहिला पंप बाजारात आला. १९६९ मध्ये सॅल्ब्युटामॉल आलं, १९७२ मध्ये ओढून घ्यायचं स्टेरॉइड. सत्तरच्या दशकात मुंबईच्या सिप्लाने पंप भारतातच बनवायला सुरुवात केली. म्हणजे १९८७ च्या त्या कोजागरीनंतरच्या रात्री औषध देशात होतं. पण त्याला आमच्या घरी यायचं तर आधी घरात दमा आहे असं कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

हे सगळं जुन्या काळचं, असं वाटत असेल तर मेलबर्नची गोष्ट सांगतो. २१ नोव्हेंबर २०१६. दिवसभर कडक ऊन, संध्याकाळी वादळ आलं. हवेत राय गवताचा पराग ठासून भरलेला. वादळाच्या ओलाव्याने परागकण फुटले आणि त्यांचे बारीक कण थेट फुप्फुसात खोल गेले. काही तासांत हजारो लोक धापा टाकत दवाखान्यात. दहा माणसं गेली. नंतरच्या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या. त्या दिवशी त्रास झालेल्यांपैकी अनेकांना 'फक्त शिंका' होत्या, दमा आहे असं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि त्यांच्यात भारतीय उपखंडातल्या आणि आशियाई लोकांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त होतं. ते वाचताना मला आत्याचं 'बाराही महिने सर्दी' आठवलं.

राहता राहिली पंपाची सवय. आईला मी इंजिनियरी भाषेत सांगितलं. पोटातून घ्यायची स्टेरॉइडची गोळी मिलिग्रॅममध्ये असते, जोराचा दमा उठला की दिवसाला चाळीस वगैरे. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजाराव्या भागात, आणि जिथे हवी तिथेच पडते. गच्चीवरची टाकी गळते म्हणून अख्ख्या सोसायटीचं पाणी बंद करायचं, की गळकी जागा बुजवायची? सवय लागते ती उलट नुसत्या निळ्या पंपाची. तो तात्पुरतं मोकळं करतो, सूज कमी करत नाही. म्हणून २०१९ पासून जगभरच्या दम्याच्या डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की मोठ्या माणसांनी एकट्या निळ्यावर राहू नये, सूज उतरवणारं औषध बरोबर हवंच. आईने ऐकून घेतलं. पटलं की नाही ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला विचारत होती, "घेतलास का गं तुझा तो पफर?"

आई परत गेल्यावर मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता टाकला. आमच्या चार पिढ्या, कोणाला काय, कुठल्या वयात. आजीच्या नावापुढे लिहिलं : दमा, १९८७, वय पंचावन्न. त्याखाली माझं आणि लेकीचं नाव. मग दोन दिवस ग्रुपवर शुकशुकाट. गुड मॉर्निंगसुद्धा नाही!

तिसऱ्या दिवशी एका चुलतभावाचा फोन. चिडलेला. "तुला तिकडे बसून काय जातंय? माझ्या पोरीला स्थळं बघतोय. ग्रुपचे फोटो, मेसेज कुठेही जातात." २०२३ साल, पोरगी आयटीत, आणि बापाच्या तोंडी आजोबांचंच वाक्य. मी त्याला एवढंच विचारलं, "तिला आहे का?" बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थंडीत थोडा खोकला येतो." मग म्हणाला, "दाखवतो."

आठवड्याने आत्याचा फोन आला. ती तक्त्याबद्दल काही बोलली नाही. हवापाणी विचारलं, लेकीच्या नेटबॉलचं विचारलं. ठेवता ठेवता म्हणाली, "माझं पण नाव घाल रे त्यात. एक्क्याण्णव साली सुरू झाला म्हणून लिही." आणि मग, "तुझ्या काकांना सांगितलं मी. ते म्हणाले, मला माहीत होतं. बत्तीस वर्षं नळाचं बिल मीच भरतोय."

मी खूप हसलो. तीही हसली, आणि मग तिला खोकला आला. तिने तो दाबला नाही.

असो. आजी माणूसवेडी होती की दम खायला थांबत होती, असं लेकीने मला विचारलं होतं. मला वाटतं दोन्ही. दम खायला तर कोणीही थांबतं. थांबल्यावर समोरच्याच्या म्हशीची चौकशी करायला माणूस आजीसारखा लागतो.

या दिवाळीला तुमच्याकडे सगळे जमतील. फराळाचं ताट समोर असताना, जमलं तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्याकडे कोण कशाने गेलं? पहिलं उत्तर 'हार्ट' आलं, तर जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.